हौदातलं मचूळ पाणी

२ एप्रिल

पोचलो एकदाचा. तुळजापूरहून बीडची एसटी धरली, तेरखेडा मागे टाकल्यावर हायवेवरच उतरलो, तर समोर भलीमोठी पाटी: ‘सागर गार्डन रेस्टॉरंट’. चारी बाजूंना काळी ढेकळं, तुरीची वाळकी धसकटं, आणि मधोमध सागर. मला हसूच आलं. मालक कृष्णराज हे इथल्याच, जवळच्या वाशीचे, मोठ्या शेतीवाल्या घरातले, चाळिशीचे, आणि हौस तर विचारू नका. जेवणघराच्या एका अख्ख्या भिंतीत काचेची टाकी बसवली आहे, तिच्यात समुद्राचे रंगीत मासे सोडायचे आणि अक्षय तृतीयेला उद्घाटन करायचं. पुण्यात शोभेच्या माशांच्या दुकानात इतकी वर्षं काढली, पण एवढी टाकी माझ्या हातात कुणी दिली नव्हती. छाती फुगली आहे, खोटं कशाला बोलू.

मागच्या अंगणात मला स्वतंत्र खोली आहे. पलीकडच्या खोलीत राखणदार बलभीममामा आणि त्यांची बायको दगडाबाई राहतात. बाईंनी चहा दिला आणि लगेच विचारलं, मंडळी कवा आणणार. म्हटलं, जरा बस्तान बसू द्या, निवेदिता आणि अक्षरा येतीलच. अक्षरा पाच महिन्यांची आहे. झोळी बांधायला छताला कडी आहे का, ते मी सामान ठेवायच्या आधी पाहिलं. आहे.

५ एप्रिल

मासे आले. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने, थर्माकोलच्या खोक्यांत, एकही दगावला नाही. कृष्णराज लगेच भिंतीतल्या टाकीत सोडायला निघाले होते. मी आडवा आलो. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा, यात तडजोड नाही. त्याच्या कातडीत बारीक जीव असतात. ते माशावर पोसतात, पोट भरलं की गळून तळाला चिकटतात, कवच करून झोपतात, आणि त्या एकाचे शेकडो होऊन नवा मासा शोधत निघतात. एक आजारी मासा आत गेला की टाकी संपली. कृष्णराज म्हणाले, म्हंजी लॉकडाऊनच की हो. म्हटलं, अगदी तेच.

अंगणातली स्टोअररूम मला मिळाली. वेगळी टाकी, वेगळी जाळी, वेगळे टॉवेल, गरम हवा बाहेर टाकायला वर पंखा. तिथलं थोडं पाणी रोज काढून नवं भरायचं. काढलेलं पाणी गटारात ओतायचं काम दगडाबाईंनी आपणहून घेतलं. गटारातच, असं मी बजावलं. त्या म्हणाल्या, व्हय व्हय.

९ एप्रिल

निळ्या सर्जन माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. वाईट बातमी, तरी मला आतून बरं वाटलं. याचसाठी तर वेगळं ठेवलं होतं. कृष्णराजांना बोलावून दाखवलं, जरा भावही खाल्ला.

एक गोष्ट मात्र खटकली. हे ठिपके एरवी रव्याच्या कणाएवढे असतात. हे राजगिऱ्याएवढे आहेत. भिंगातून पाहिलं तर जागच्या जागी सावकाश फिरत होते. फिरतात, ते ठाऊक आहे, पण इतके मोठे मी कधी पाहिले नव्हते. मासा दगडाला अंग घासतो आहे, खात नाही. तांब्याचं औषध सुरू केलं आणि पाणी बादल्या भरभरून बदललं.

१२ एप्रिल

आज डोक्याला हात लावायची पाळी आली. दुपारी उन्हाने जीव जायला लागला म्हणून अंगणातल्या हौदाच्या पाण्याने पुन्हा आंघोळ केली. तोंडात थोडं पाणी गेलं. खारट. इथलं बोरचं पाणी मचूळच आहे, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नाही. पण ही चव माझ्या ओळखीची होती. रोज हाताने कालवतो मी ते मीठ.

दगडाबाईंना विचारलं. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, टँकरची वाट बघून डोळं पांढरं हुत्यात आन म्या बादल्याच्या बादल्या गटारात वतू व्हय? मचूळ तर हाय, आमच्या बोरचं बी मचूळच हाय. प्यायला जार येतोय की. भांड्याला, अंगाला चालतंय.

पहिल्या दिवसापासून सगळं पाणी हौदात. भांडी त्याचीच, आंघोळी त्याच्याच, दुपारी इथे आले की कृष्णराजही त्यानेच अंग धुतात. रागवायला तोंड उघडलं आणि रागवता आलं नाही. या भागात पाणी फेकणं म्हणजे अन्न फेकण्यासारखंच, हे मला कळायला हवं होतं. असो. हे जीव माणसावर जगत नाहीत, आणि इतक्या कमी मिठात टिकतही नाहीत. पुन्हा नका ओतू, एवढंच सांगितलं.

१४ एप्रिल

सगळ्या अंगणाला घामोळं आलंय. बलभीममामांच्या मानेवर, दगडाबाईंच्या दंडावर, कृष्णराजांच्या पाठभर. माझ्या डाव्या मनगटावर. कृष्णराज वाशीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, सगळ्यांना पावडर मिळाली.

उद्घाटनाचं बोलता बोलता कृष्णराज खांबाला पाठ घासत होते. पलीकडे दगडाबाई लिंबाच्या खोडाला दंड घासत होत्या. दोघांनाही आपण काय करतोय याचा पत्ता नव्हता. असं घासणं मी आयुष्यभर काचेआड पाहिलंय.

भिंग हातात घेतलं आणि परत ठेवलं.

१६ एप्रिल

पाहिलं. भर दुपारी, अंगणात, उन्हात मनगट धरून पाहिलं. ठिपका फिरत होता. जात्यासारखा, सावकाश, माझ्या कातडीखाली.

मला भीती वाटते आहे. निवेदिताला फोन केला, एवढ्यात येऊ नकोस म्हणालो. तिने का विचारलं. ऊन फार आहे, असं सांगितलं. मागून अक्षराचा आवाज येत होता.

१८ एप्रिल

सगळ्यांचे ठिपके गेले. एका रात्रीत, साफ. कृष्णराज खूश, पावडरीची तारीफ चालली आहे. दगडाबाईंनी पुरणपोळ्या केल्या आणि आग्रहाने वाढल्या. मी ताट तसंच सारून उठलो.

दुकानात नवी पोरं असंच करायची. सकाळी मासा स्वच्छ दिसला की टाळ्या पिटायची. ठिपके मेलेले नसतात. पोट भरून गळलेले असतात. ते आता तळाला असतात, आणि एकाचे शेकडो होत असतात.

हौदात वाकून पाहिलं. तळाच्या शेवाळावर राजगिरा सांडल्यासारखे दाणे. सगळीकडे.

१९ एप्रिल

होतं नव्हतं ते तांब्याचं औषध हौदात ओतलं. आणि दुपारी टँकर आला. हौद काठोकाठ. औषध पातळ झालं, तेवढ्याने ते मरत नाहीत.

मग तळाचा बोळा उपसून पाणी सोडायला लागलो. दगडाबाई धावत आल्या. पाणी सांडतंय, तुमास्नी काय वाटतंय का न्हाय, म्हणून ओरडल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

बोळा त्यांनी नाही बसवला. हौद निम्मा असतानाच मीच बसवला. कोपरापर्यंत हात पाण्यात होता. गार वाटत होतं. हात बाहेर काढावासाच वाटेना. हे मी केलं, मीच केलं, आणि का केलं ते मला सांगता येत नाही.

२१ एप्रिल

कृष्णराज. दुपारी. हौदात, कपड्यांसकट, गळ्यापर्यंत. तोंड उघडत होतं, मिटत होतं. अंगावर बोट टेकायला जागा नव्हती, सगळं पांढरं. मी आणि बलभीममामांनी ओढून काढलं तर रडायला लागले. आतच राहू द्या म्हणत होते. बाहेर त्यांना श्वास घेता येत नव्हता.

बलभीममामा जीपने बार्शीला घेऊन गेले. वाटेतच संपलं. फोन आला. उष्माघात म्हणतात —

मला पळून जायचं आहे. तुळजापूरला, घरी, अक्षराजवळ. पण आजारी मासा हलवायचा नसतो.

२२ एप्रिल

ठिपके परत आले. मानेवर, पापण्यांवर, जिभेवर. आवाज बसला आहे. बलभीममामा अजून बार्शीहून परतले नाहीत. दगडाबाईंच्याही अंगावर असतील, त्या पदराने झाकून घेतात. दिवसातून कितीदा आंघोळ करतात. चेहरा मात्र हसरा.

आज भानावर आलो तेव्हा माझा एक पाय हौदात होता.

स्टोअररूममध्ये आलो. आतून कुलूप. किल्ली पंख्याच्या भोकातून बाहेर टाकली, लांब, जोर लावून. आता मी वेगळा. टाकीतले मासे सगळे मेलेत. त्यांच्याकडे पाठ करून बसलोय.

निवेदिताला मेसेज केला. मी आजारी आहे, साथीचं आहे, येऊ नकोस. तिचं उत्तर — आजारी आहात म्हणून तर येतेय, उद्याचा दिवस आवरते आणि परवा सकाळच्या गाडीने निघते.

काय लिहून बसलो मी. तिला आजारी आहे असं कळवून घरी बसवता येतं का कधी —

२३ एप्रिल

तिचा फोन आला. उचलला. आवाज निघेना. नुसता श्वास. ती हाका मारत होती. रडली. सकाळी निघतेच म्हणाली.

मेसेज लिहायचा आहे. स्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही. पुसतो, परत ओली. पाण्याला हात लावलेला नाही मी. तरी ओली.

अक्षराला घरी ठेव. अक्षराला घरी ठेव. इथे लिहून काय उपयोग —

कशी ठेवेल, अंगावर पिते ती.

२४ एप्रिल

एसटी थांबली. हायवेवर. तिचा आवाज.

खोक्यावर चढलो, भोकातून दिसतं. अक्षरा कडेवर. उन्हाने लाल, रडतेय. हाका मारल्या — काही नाही, नुसती हवा —

दार वाजवलं. दोन्ही हातांनी. निवेदिता आली. आलेय मी, म्हणाली. कुलूप तोडायला माणूस बोलावते, घाबरू नका. दाराच्या पलीकडे तिचा हात. मी नखांनी खरवडलं. तिला वाटलं, मी रडतोय —

दगडाबाई म्हणतात, लेकरू किती तापलंय बाय, आधी आंगूळ घालू त्येला, गार वाटंल. मायेने म्हणतात. निवेदिता हो म्हणाली.

घमेलं आणलं. हौदातून बादली —

हे पान फाडून भोकातून टाकतो. निवेदिता, त्या पाण्याला हात लावू नको. तिला उचल आणि जा. हायवेवर जा, मिळेल त्या गाडीत बस. मला सोडवू नको. पाणी, निवेदिता, पाण्यात —

रडणं थांबलं.

हसतेय. अक्षरा हसतेय. पाण्यावर हात आपटतेय, मला ऐकू येतंय, निवेदिता तिला काढ, तिला बाहेर