लायसन्स ही किरकोळ बाब

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना ही सवय असते.

बाबांचं ड्रायव्हिंग लायसन्स ३१ तारखेला संपतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नव्या सर्टिफिकेटवर सही करायला साफ नकार दिला. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली म्हणे. आणि १ तारखेपासून तीन दवाखान्यांचे औषधांचे फ्रिज सांभाळायचं काम बाबांना मिळालंय. व्हॅन त्यांच्या दारात पोचली नाही तर काम दुसऱ्या मेकॅनिकला जाणार. जेवताना आई आणि बाबा नुसते ताटातला भात चिवडत होते. शेवटी मीच म्हणालो की एवढी सुतकी तोंडं कशाला, व्हॅन मी चालवतो. लायसन्स म्हणजे आठवड्याचं काम. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कृतज्ञता असणार.

मुंगी म्हणाली की दादा, मीपण काढते, दोघांपैकी एकाचं तरी होईल. (मुंगी म्हणजे धाकटी बहीण. वय अठरा. लहानपणी साखरेचा डबा सोडत नसे.) 'एकाचं तरी' हे शब्द मी लक्षात ठेवले आहेत.

५ मार्च
लायसन्स ऑफिस. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. पंचवीसच्या आतला माणूस पहिल्यांदाच लायसन्स काढत असेल, तर आधी दिवसभराचा सक्तीचा कोर्स. मग लेखी परीक्षा. मग शिकाऊ परवाना, आणि लायसन्सवाला माणूस शेजारी बसवून सराव. मग रस्त्यावरची परीक्षा. मी नम्रपणे विचारलं की हे पोरासोरांसाठी असेल ना, मी तेवीस वर्षांचा आहे, ग्रॅज्युएट आहे. बाई म्हणाल्या, पुढचा या.

असल्या लोकांच्या हातात देशाचे रस्ते आहेत.

८ मार्च
कोर्स. हॉलभर मिसरूड न फुटलेली पोरं. शिकवणारे एक रिटायर्ड ट्रॅफिक पोलीस. सीटबेल्ट न लावलेल्या बाहुलीची फिल्म तीनदा दाखवली. बाहुलीला कळलं असेल, आम्हाला कधीच कळलं होतं. दुपारनंतर मी एकाग्रतेसाठी डोळे मिटले. साहेबांनी खांदा हलवून विचारलं की आता काय शिकवलं ते सांगा. मी म्हणालो, जे मला येतं तेच. पोरं हसली. साहेबांना विनोद झेपत नाही. सर्टिफिकेट नाही, पुढच्या शनिवारी परत यायचं.

मुंगीला मिळालं. पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होती. चमचेगिरी दुसरं काय.

१५ मार्च
परत तोच कोर्स. तीच बाहुली. सर्टिफिकेट मिळालं. साहेबांचा हट्ट पुरवला, एवढंच.

१७ मार्च
लेखी परीक्षा. नापास. प्रश्नच चुकीचे होते. उदाहरणार्थ: पिवळा दिवा लागला तर काय कराल? मी उत्तर निवडलं, वेग वाढवून चौक मोकळा करीन. याला म्हणतात समाजाचा विचार. यांना हवं होतं, थांबेन. ज्यांचं सगळं आयुष्य थांबण्यात गेलं त्यांनी काढलेली प्रश्नपत्रिका.

पुस्तक वाचलं नव्हतं हे खरं आहे. पण पुस्तक वाचून कोणी चालवतं का गाडी?

१९ मार्च
पास. काठावर. काठावर पास होणारा माणूस मेहनत वाया घालवत नाही. शिकाऊ परवाना हातात. मुंगीकडे तो आठवडाभर आहे, त्याचं तिला कौतुकच फार.

२० मार्च
ड्रायव्हिंग स्कूल. मास्तरांनी मला रिकाम्या मैदानात तासभर गोल गोल फिरवलं. घाण्याला जुंपल्यासारखं. मी म्हणालो की मला रस्ता द्या. ते म्हणाले, उद्या चढ करू, हँडब्रेक शिकवतो. म्हणजे आता एक दांडा ओढायला मी पैसे मोजायचे. उद्यापासून जाणार नाही. घरची व्हॅन आहे, बाबा आहेत, सराव तिथेच.

मुंगी रोज सकाळी सहाला मास्तरांकडे जाते. जाऊ दे. काही लोकांना शिकवावं लागतं.

२३ मार्च
बाबांबरोबर व्हॅनवर सराव. उत्तम. आमच्या व्हॅनचा हँडब्रेक कित्येक वर्षं मेलेला आहे, त्याच्या दांड्याला बाबा पान्ह्यांची पिशवी अडकवतात. चढावर थांबायचं तर गाडी गिअरमध्ये टाकून बंद करायची, खाली उतरायचं, सीटखालचा लाकडी ठोकळा मागच्या चाकाला लावायचा. मी हे डोळे मिटून करतो. बाबा म्हणाले की मास्तरांच्या गाडीवरही हात बसव. मी म्हणालो, गाडी ती गाडी.

२५ मार्च
ऑफिसातून फोन. परीक्षेला आणायच्या गाडीचा हँडब्रेक चालू हवा, म्हणजे आमची व्हॅन बाद. मास्तरांची गाडी भाड्याने घ्यावी लागणार. मास्तरांनी विचारलं की एकदा चालवून बघता का. यांचा धंदा असाच चालतो. नाही म्हणालो.

आईने आज दोनदा विचारलं की नक्की होईल ना. घरात माझ्यावर विश्वास नसणं ही जुनी परंपरा आहे.

२८ मार्च
परीक्षा.

सकाळी प्रसन्न होतो. इन्स्पेक्टर म्हणजे एक तोंड पाडून बसलेला गृहस्थ. सरळ रस्ता, वळण, पार्किंग, सगळं त्याला पसंत पडलं असावं, कारण काही बोलला नाही. मग चढ. अर्ध्यात म्हणाला की इथे गाडी उभी करा, घसरता कामा नये, आणि मी सांगितल्यावर परत निघा.

मी गाडी गिअरमध्ये टाकली. बंद केली. उतरलो. सीटखाली हात घातला तर ठोकळा नाही. मास्तरांचा निष्काळजीपणा. शेजारच्या बागेच्या कडेची एक वीट उपटली, मागच्या चाकाला व्यवस्थित लावली, आत येऊन बसलो आणि म्हणालो, झालं. इन्स्पेक्टरने खिडकीतून मान काढून वीट बघितली. मग मधल्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणाला, हे काय आहे? मी खरं तेच सांगितलं, की आमच्याकडे त्याला पिशवी अडकवतात.

वीट जागेवर ठेवून यायला सांगितलं. परतीला गाडी त्याने स्वतः चालवली. शेरा: गाडी व प्रवासी सोडून परीक्षार्थी खाली उतरला. पुन्हा परीक्षा पंधरा दिवसांनी.

माझ्यानंतर मुंगी. पास. चढ तोच, पण माझ्यावर ओरडून गृहस्थाचा दम संपला होता. (ओरडला नाही. पण आतून ओरडत होता.)

घरी आल्यावर बाबा चहा प्यायले. मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग लगेच माझ्या पाठीवरही. माझ्या पाठीला त्याची गरज नव्हती. राग आला. कोणाचा ते ठरवतो आहे.

३० मार्च
मुंगी आणि बाबांनी व्हॅनखाली झोपून हँडब्रेकची केबल बदलली. तासाभराचं काम निघालं. पिशवीला आता जागा नाही. नव्याचे नऊ दिवस.

१ एप्रिल
पहिला दिवस. मुंगी गाडीवर, बाबा तिच्या शेजारी. पुढे दोनच सीटा आहेत, त्यामुळे मी मागे, अवजारं आणि फ्रिजच्या गॅसची टाकी यांच्यामध्ये. निघतानाच सांगितलं की मागून मी सूचना देत जाईन. इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसावं.

मुंगी फार सावकाश चालवते. एक म्हातारी रस्त्यात मध्येच पिशवी सावरायला थांबली, तर हीपण थांबली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नने कान फोडले, हिच्यावर ढिम्म परिणाम नाही. मी तिच्या चुका मोजायला बसलो होतो. पुलापर्यंत एकही सापडली नाही. माझं लक्ष नसेल.

पहिला दवाखाना कुठला, असं मी बाबांना विचारलं. परत विचारलं. मग वाकून बघितलं. बाबा झोपले होते. तोंड थोडं उघडं, मान खिडकीकडे, हात मांडीवर सैल पडलेले.

माझ्या शेजारी सरावाला बसायचे तेव्हा बाबांनी कधी डुलकीसुद्धा काढली नाही. ताठ बसायचे, आणि ओठ सारखे हलत असायचे. मला वाटायचं, जुनं काहीतरी गाणं गुणगुणतात.

वळणावर टाकी पत्र्यावर आपटली. मुंगी आरशातून बघत हळू आवाजात म्हणाली की दादा, ती वाजतेय, बाबा उठतील.

मी टाकी दोन्ही हातांनी धरून बसलो, दवाखाना येईपर्यंत.