दोन बिंदू आणि सासऱ्यांची टपरी

मिनेसोटा, २ एप्रिल

श्री. डेल्मरराव यांस आर्विडचा नमस्कार.

ॲरिझोनाच्या उन्हात तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे तुमच्या बहिणीचा, लव्हॉनचा, खोकला गेला, पण बारा मार्चपासून ती माझ्याशी बोलत नाही. कारण तुमच्या बाबांची, गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची टपरी. (बसून वाचा.)

नोव्हेंबरात किल्ली देताना तुम्ही म्हणालात, "बाबांच्या हातची आहे, तळ्यावरून वेळेत काढा." वेळेत म्हणजे कधी, ते बोलला नाहीत. चाळीस वर्षं बीजगणित शिकवलेल्या माणसाला एवढी मोकळीक देऊ नये. मी एक मार्चला भोक पाडून बर्फ मोजला, चोवीस इंच. पाच मार्चला वीस. दोन बिंदू मिळाले की रेषा ठरली. चार दिवसांत चार इंच, म्हणजे रोज एक इंच कमी. तारीख क्ष, जाडी य; य = २५ − क्ष. बारा तारखेला तेरा इंच उरणार, म्हणजे टपरी ओढायला ट्रक नेता येईल. मासेही गळाला लागत होते. मी बारा तारीख धरली.

लव्हॉन म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा मोजा की!" मी समजावलं, रेषेला दोनच बिंदू लागतात, तिसरा म्हणजे निव्वळ अविश्वास. शेजारचा ऑरिन आपली टपरी ओढून नेता नेता ओरडला, "मास्तर, बर्फ कधी तुमच्या वर्गात बसला होता हो?" (हा माझ्याच वर्गात दोनदा नापास.)

जे घडलं त्यात समीकरणाचा दोष नाही. मी दोन्ही वेळा मोजलं ते बाहेर, कारण टपरीत वाकलं की माझी कंबर धरते. आत मात्र दिवसभर शेगडी आणि तिच्यावर कॉफी. टपरीखालच्या बर्फाची रेषाच वेगळी होती, आणि तिच्यावरचा एकही बिंदू मी घेतला नव्हता. बारा तारखेला सकाळी कप घेऊन पाय मोकळे करायला बाहेर आलो, मागे करकरलं, वळून पाहतो तर टपरी सावकाश खाली बसत होती. ऑरिनने साखळी लावून ओढली. दार तेवढं अख्खं आलं, बाकी नुसत्या फळ्या. वाईट वाटतं, डेल्मरराव. फार वाईट वाटतं.

तुमचा मेहुणा,
आर्विड

ता. क. तळं बरोबर पंचवीस तारखेला मोकळं झालं. हे घरात सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला कळवतो.

ता. क. २. दार गॅरेजात वाळतंय. त्याची आतली बाजू काल पहिल्यांदा नीट पाहिली (मी दाराकडे पाठ करून बसायचो). बाबांनी पेन्सिलीने तीस हिवाळ्यांची मापं लिहिली आहेत, शेगडीजवळचं आणि बाहेरचं, शेजारी शेजारी. दर वर्षीची शेवटची ओळ एकच: मार्चचा पहिला रविवार, टपरी काढली. बाहेर तीस इंच असतानासुद्धा.

ता. क. ३. मे महिन्यात या आणि नवी बांधायला हात लावा. दार आहेच. लव्हॉन मागे उभी राहून हे वाचत होती, आत्ता बोलली, "अहो, यंदाची ओळ दारावर तुम्हीच लिहायची. दादासमोर. आणि खरी लिहायची."