फोटो हललाच पाहिजे

१४ नोव्हेंबर, धुळे

आले एकदाची. नाशिकहून निघताना मामांनी शेवटचं बोलून घेतलं, की लग्नातले फोटो काढणं हे मुलीचं काम नाही, आणि त्यासाठी धुळ्याला जाणं तर अजिबातच नाही. मी म्हटलं, मामा, तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढणार आहे, तेव्हा जरा जपून बोला, नाहीतर फोटोत तुमचं पोट आहे तसं येईल. मामी हसल्या. मामा नाही हसले.

हनीफभाईंचा स्टुडिओ चौथ्या गल्लीत आहे. खाली स्टुडिओ, वर ते, त्यांची आई अमिनाबी आणि मुलगी कशिश, आणि गच्चीला लागून माझी खोली. कशिश माझ्याहून थोडी लहान. कॉम्प्युटरवर फोटो निवडणं आणि अल्बम लावणं तिच्याकडे. बोलायला लागली की थांबत नाही आणि हसली की खाली रस्त्यावर कळतं. कशिशची आई गेल्यापासून या घराला हिच्या बडबडीचाच आधार आहे, असं अमिनाबी म्हणाल्या. संध्याकाळी शेवभाजी होती. डोळ्यांतून पाणी काढलं तिनं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. पहिल्याच दिवशी हार कशी मानायची?

आणि कॅमेरा! हनीफभाईंनी सुरतेच्या एका फोटोग्राफरकडून जुना घेतलेला, मीडियम फॉरमॅट डिजिटल. हातात घेतला की मनगट दुखतं, पण फोटो उघडून मोठा करत जावं तर नथीतला मोती न् मोती आणि शालूतली जर न् जर दिसते. स्टुडिओतल्या पोरांनी त्याला केव्हाच हात जोडले होते. म्हणे फार सुस्त आहे, फोकस होईपर्यंत हार गळ्यात पडलेला असतो, लग्न काय याच्यासाठी थांबतं? नाशिकच्या स्टुडिओत दोन वर्षं मला नुसत्या बॅगा धरायला लावल्या होत्या. मी सांगितलं, माझ्यासाठी थांबेल.

२१ नोव्हेंबर

साक्रीजवळच्या खेड्यातलं लग्न झालं. हळद, वरात, हार घालणं हे सगळं स्टुडिओतल्या नईमनं छोट्या कॅमेऱ्यावर काढलं. मोठा कॅमेरा मी घरच्यांच्या ग्रुप फोटोंसाठी राखून ठेवला. मांडवाच्या सावलीत शटर मंद ठेवावं लागतं आणि हा बाबा काहीच माफ करत नाही. कुणी नुसता श्वास घेतला तरी मोठं करून पाहिल्यावर माणूस हललेला दिसतो. म्हणून मी माझी पद्धत बसवली. ट्रायपॉड लावायचा, सगळ्यांना ताठ बसवायचं, हात मांडीवर, हनुवटी जराशी वर, आणि मग मोठ्यानं सांगायचं: श्वास धरा. अख्खा मांडव गप्प! नवरदेवाचे वडील वनाभाऊ गावाला धाकात ठेवणारे, तेसुद्धा निमूटपणे गाल फुगवून उभे. खोटं कशाला बोलू, मजा आली.

शेवटच्या फोटोत पुढच्या खुर्चीवर वनाभाऊंची आई, भिकुबाई होत्या. फोटो झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "फोटोमा बठ्ठा हालतस माय. मी नही हालत. माले सवय शे."

खरंच निघालं. कशिशनं फोटो उघडला तर बाकी सगळे केसभर तरी हललेले आणि भिकुबाई मात्र पापणीपर्यंत शार्प. इतक्या, की त्यांना वेगळं कापून चिकटवलंय असं वाटावं. मी त्यांचा एकटीचा भाग मोठा करून, फ्रेम लावून त्यांना भेट पाठवून दिला.

२७ नोव्हेंबर

वनाभाऊंचा फोन आला. भिकुबाई गेल्या. दुपारी ओट्यावर बसल्या होत्या, तिथंच. आजार नाही, काही नाही. पाठ ताठ, हात मांडीवर, हनुवटी जराशी वर. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बराच वेळ वाटत होतं, म्हातारी ऊन खातेय. फोटोत दिसतात अगदी तशाच दिसत होत्या, असं वनाभाऊ कौतुकानं सांगत होते. मी पाठवलेल्या फोटोलाच हार घातलाय म्हणे. मला रडू आलं. वय झालं होतं, हे कळत होतं तरी आलं.

४ डिसेंबर

पहूरचं लग्न. दोन मोठे ग्रुप काढले. पहिल्यात नवरीचे मामा अभिमन शार्प आले, दुसऱ्यात तिचा भाऊ ज्ञानेश्वर. बाकी सगळे थोडेफार हललेले. प्रत्येक ग्रुपमध्ये एकच माणूस असा येतो, हे आता कशिशच्याही लक्षात आलंय. फोटो उघडण्याआधी ती आणि मी पैज लावतो, आज कोण. ज्ञानेश्वर असेल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा, मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान असलेला दणकट गडी, मांडवात सारखी धावपळ करत होता. मीच दटावून बसवला होता त्याला.

हनीफभाई खूश आहेत. जळगावच्या दोन मोठ्या लग्नांची कामं आलीत, तीही "त्या बाईच फोटो काढणार ना" असं विचारून. नाशिकच्या मामांना हे मुद्दाम फोन करून कळवलं.

९ डिसेंबर

ज्ञानेश्वर गेला.

अभिमनमामा स्वतः स्टुडिओत आले. फ्रेमसाठी त्याचा फोटो हवा होता. दुकानात स्टुलावर बसलेला सापडला. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, तो पोरगा जिवंतपणी मिनिटभर स्वस्थ बसला नाही. असा ताठ बसलेला मी त्याला पहिल्यांदा पाहिला."

मला हनुवटीचं विचारायचं नव्हतं. विचारलं. वर होती.

ते गेल्यावर मी सगळे फोटो पुन्हा उघडून बसले. साक्रीला त्या दिवशी आधीच्या ग्रुपमध्ये वनाभाऊ शार्प होते. ते धडधाकट आहेत. पहूरला आधी अभिमनमामा होते. ते आत्ता माझ्यासमोर चहा पिऊन गेले. या कॅमेऱ्यावरच्या शेवटच्या फोटोत जो शार्प येतो तो जातो, आणि त्याच्या आधीचा सुटतो. तीनतीनदा ताडून पाहिलं. दुसरं काही निघत नाही.

सुरतेच्या त्या माणसाला फोन लावला. कॅमेरा का विकलात? "फोटो फारच साफ येतात, म्हणून," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.

मीच म्हटलं होतं, श्वास धरा. त्यांनी धरला. आता सोडा, असं मी कुणालाही म्हटलं नव्हतं.

१० डिसेंबर

हनीफभाईंना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट समजावत बसले, की थंडीत माणसं जातात, तू दमली आहेस, दोन दिवस घरी जाऊन ये. मी म्हटलं, मी कुठंही जाणार नाही आणि हा कॅमेराही कुठं जाणार नाही. कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ. जळगावची लग्नं छोट्या कॅमेऱ्यावर काढीन. नाही आवडलं तर काढून टाका मला. कशिश टाळ्या वाजवायला लागली. अमिनाबी फक्त माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

१२ डिसेंबर

चाळीसगावला साखरपुड्याचं काम होतं. छोटा कॅमेरा. सगळे हसत-खिदळत होते, मी कुणालाही गप्प बसवलं नाही. फोटो हलले. खूप बरं वाटलं.

परत आले तर घरात मिठाई. कशिशसाठी स्थळ आलंय, मुलगा शेहजाद, पारोळ्याचा. त्यांनी फोटो मागवला होता. आपल्या मुलीचा फोटो चांगलाच जायला हवा म्हणून हनीफभाईंनी दुसऱ्या किल्लीनं कपाट उघडलं. स्वतः काढला. वर मला कौतुकानं सांगतात, तू म्हणतेस तसंच म्हटलं मी तिला. श्वास धर.

कॉम्प्युटरवर फोटो उघडाच होता. मोठा करत गेले, मोठा करत गेले. पापणी न् पापणी.

१३ डिसेंबर, सकाळ

भिकुबाईंना काही दिवस तरी मिळाले होते, कशिशला एकही नाही. ती जेवताना मध्येच थांबते. घास हातात, पाठ ताठ. मी हलवलं की पुन्हा बोलायला लागते, मध्ये काही झालंच नाही असं. वाक्य मात्र अर्धंच सोडून देते.

कशिशचा फोटो शेवटचा राहू नये म्हणून त्याच कॅमेऱ्यानं भिंतीचा फोटो काढला. खुर्चीचा काढला. फुलदाणीचा. उपयोग नाही. श्वासच नाही त्यांना, धरणार काय.

हनीफभाईंनी पाहिलं तिला. आता विश्वास बसलाय. तिचे तळवे चोळत बसलेत.

१३ डिसेंबर, दुपार

खाली गेले तर अमिनाबी स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेल्या. पांढरी ओढणी नीट घेतलेली, हात मांडीवर. त्यांना आधीपासूनच कळलं होतं.

"माझा काढ बेटा. मैं बहोत जी ली."

मी त्यांना दोन्ही दंड धरून उठवलं. जोर लावावा लागला. ओरडलेच मी त्यांच्यावर. एकाच्या जागी दुसरं माणूस बसवायला मी इथं आले नाही. मग तिसरं कोण? त्यानंतर? रस्त्यावरचा कुणीतरी, ज्याचं आपल्याला काही वाटत नाही? नाही. श्वास धरा, हे शब्द माझे आहेत. निस्तरायचं मी.

वर कशिश थांबली आहे. हलवून उठत नाही. पाण्याचा पेला हातात तसाच—

१३ डिसेंबर, नंतर

रिमोट हातात घेऊन स्टुलावर मीच बसले. हात मांडीवर. हनुवटी वर. श्वास धरला, असा की आजवर कुणी धरला नसेल. बटण दाबलं.

वर पेला फुटला. मग खोकला, मग कशिशचा आवाज, पाणी कुणी सांडलं म्हणून. बोलत सुटली. थांबेचना. हनीफभाई मोठ्यानं रडत होते.

फोटो पाहिला. मी फार छान आलेय. इतकी स्वच्छ मी आरशातही दिसत नाही.

मग अमिनाबींचा वरवंटा आणला. आधी लेन्स. मग सेन्सर, पार चुरा होईपर्यंत. हनीफभाई आडवे आले नाहीत. नईम पोत्यात भरून पांझरा नदीत टाकून आला. आता कुणीच माझ्या जागी बसू शकत नाही. अमिनाबी नाही, कशिश नाही. तेच हवं होतं मला.

आणि मी बसून राहणार नाही. गावभर फिरेन. जिने चढेन. ये म्हणावं, पकडून दाखव.

१४ डिसेंबर

झोपले नाही. गच्चीत फेऱ्या. झाडलोट केली, चादरी धुतल्या, अमिनाबींचं सगळं वाटण वाटलं. शेजारणीला वाटतं मला वेड लागलंय. लागू दे.

श्वास वर अडकतो. खाली ढकलावा लागतो, दर वेळी, मुद्दाम. विसरले की पाठ ताठ होते.

मामांचा फोन. परत ये म्हणाले. सांगितलं, इथं जम बसलाय माझा.

१५ डिसेंबर

पाय ऐकत नाहीत. बसले. पण लिहितेय. हात हलतोय ना—

कशिश समोर आहे. कालपासून हलली नाही जवळून. हलली नाही म्हणजे — हलतेय, सारखी हलतेय, हात ओढते, पाय चोळते, शेहजादच्या मिशांवरून काहीबाही बोलते, रडतेय, हसतेयही. मला तिचा चेहरा नीट दिसत नाही इतकी हलतेय. चांगला फोटो येणार नाही हिचा कधी.

येऊ नये.

ऊन आलंय गच्चीत. मला भीती वाटते. लिहून ठेवते, वाटते. पण पस्तावा नाही. पुन्हा बसेन.

डावा हात मांडीवर गेला. काढला. पुन्हा गेला.

कशिशला सांगायचंय, आवाज निघत नाही, म्हणून इथं — लग्नात तुला सगळे सांगतील, नीट बस, गप्प बस, मान खाली, मान वर. कशिश, कुणीही थांब म्हटलं तरी तू थांबू न