दुपारी चारचा पेशंट

राजारामपुरी, कोल्हापूर
२१ जानेवारी २००८

प्रिय दिपे,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोनवर मला तिसऱ्या वाक्याला रडू येतं आणि तू लगेच तो तुझा मऊ आवाज काढून विचारतेस, आई, तुला नेमकं काय वाटतंय. तो आवाज पेशंटसाठी ठेव. पहिली बातमी ही, की तुझे बाबा घर सोडून निघालेत. तीन फेब्रुवारीला, रविवारी, राधानगरीकडच्या आपल्या रानातल्या खोलीवर कायमचं राहायला जाणार म्हणतात. माळ्यावरची ट्रंक काढून उन्हात टाकलीय. का म्हणून विचारलं तर उत्तर नाही. परत विचारलं तर म्हणाले, तिथं बरं वाटतं. पस्तीस वर्षं संसार केला, आणि ह्या माणसाला बरं वाटतं ते पत्र्याच्या खोलीत म्हशीशेजारी. मी जे तोंड सोडलं ते चार घरांनी ऐकलं. हे आपले शांतपणे ट्रंकेचं कुलूप पुसत बसले.

दुसरी बातमी म्हणजे माझा गुन्हा. तू दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला बेंगळूरला जाताना तुझ्या समुपदेशनाच्या क्लिनिकची किल्ली माझ्या हातात दिलीस आणि बजावलंस, की क्लिनिकच्या साइटवरून जी पत्रं येतील त्यांना एकच ओळ पाठवायची, ‘तुमचा निरोप पोचला, फेब्रुवारीत भेटू.’ बाकी काही लिहायचं नाही आणि वाचायचंही नाही. तीस वर्षं चौथीच्या पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला समोरचं वाचू नको म्हणणं, यात चूक कुणाची ते तूच ठरव.

आणि आधी वाचण्यासारखं येत तरी काय होतं? मला तर सूरजनं केलेली पहिली साइटच आवडली होती. लग्नपत्रिका आणि डिजिटल बोर्ड करणारा माणूस तो, त्यानं आपल्या पद्धतीनं झकास केली होती. वर अंबाबाई, शेजारी जोतिबा, मधे मोबाईल कानाला लावलेली तू, आणि खाली शुभेच्छुक म्हणून हंबीररावकाकांपासून दूध संस्थेच्या चेअरमनपर्यंत अकरा जणांचे फोटो. तू ते सगळं पुसायला लावलंस आणि एकावर एक रचलेले गोल गोल दगड ठेवलेस. मन शांत होतं म्हणे. काकांनी मला विचारलं, पोरीनं फरशीचा धंदा काढला काय. मागच्या महिन्यात एक जण फोनवर पत्ता विचारत होता, तुमच्याकडं मुतखड्यावर औषध मिळतं न्हवं म्हणून. मी त्याला म्हटलं, पावणं, आमचे दगड नुसते बघायचे हाईत. तुझ्या बाबांनी तर तुझी कार्डंसुद्धा वाटली नव्हती. लोक पारावर बसून फुकट रडतात, ते क्लिनिकात कशाला येतील, असं त्यांचं म्हणणं.

तर डिसेंबरात एक पत्र आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, खाली सही आकाराम, हातकणंगले. तू ते ‘निवृत्तीनंतर’ नावाचं पान टाकलंयस ना, ते वाचून लिहिलं होतं. रिटायर झालोय, करमत नाही, बायकोशी बोलणं होत नाही, काय करावं. मी तुझी ओळ पाठवली. दुसऱ्या दिवशी परत हजर, डॉक्टर, फेब्रुवारीपर्यंत दम निघत न्हाय. आता मला सांग, माणूस दारात येऊन दम निघत नाही म्हणतो, त्याला काय दगड दाखवू? मी तुझ्या नावानं लिहिलं, बायकोच्या शेजारी बसून भाजी निवडा, बायका हात चालू असले की मोकळं बोलतात.

दुसऱ्या दिवशी मी मेथी निवडत होते, तर तुझे बाबा आले आणि शेजारी फतकल मारून बसले. जन्मात कधी मेथीला हात लावला नव्हता. पानं टाकून दिली आणि देठं परातीत ठेवली. मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या. हे गालात हसत पुढची जुडी सोडायला लागले. मला वाटलं, ताप आला असेल. पुढच्या सकाळी आकारामचं पत्र, भाजी निवडली, बायको बरंच काही बोलली, चांगलंच असावं. हा माणूस फारच साधा दिसतो असं म्हणून मी त्याला धीर दिला, तुमची बायको जरा फटकळ वाटते, मनावर घेऊ नका. त्याचं लगेच उत्तर, फटकळ हाय, पण तिच्यासारखं मन कुणाचं न्हाय. खोटं कशाला सांगू दिपे, मला त्या हातकणंगल्याच्या बाईचा हेवा वाटला. असं आमच्याबद्दल कुणी कधी परक्याला लिहील का, म्हणून मी त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली.

मग मी सल्ला दिला, तिला कुठंतरी फिरायला न्या. त्याच आठवड्यात हे म्हणाले, आवर, रंकाळ्यावर जाऊ. आता तू म्हणशील, आई, तरीसुद्धा तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. मला वाटलं, जाण्याआधी निरोपाचं फिरवतायत. कठड्यावर बसलो, भेळ घेतली. मी तासभर बोलले. नेहमीसारखी ओरडून नाही, चारचौघांत कसं ओरडायचं, हळू आवाजात बोलले. तुम्ही गेल्यावर मी कुणासाठी चहा टाकू, माझं काय चुकलं ते सांगून तरी जा, असं सगळं, जे मी आयुष्यात कधी तोंडावर आणलं नाही ते. बोलता बोलता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं आणि म्हणाले, भेळ तिखट हाय. मी तिथून उठले आणि दोन दिवस त्या माणसाशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी क्लिनिकात जाऊन कॉम्प्युटर लावला. आकारामनं लिहिलं होतं, रंकाळ्यावर नेलं, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, भेळ तिखट होती म्हणून का दुसऱ्या कशानं ते कळलं न्हाय, विचारायचं धाडस झालं न्हाय. मी खुर्चीवरून उठले, पाणी प्याले आणि परत बसून एकच ओळ लिहिली. तुम्हाला ऐकू येतं का?

दोन दिवसांनी लांबलचक पत्र आलं. डावा कान दीड वर्षापूर्वीच गेला. उजव्यानं कुणी मोठ्यानं बोललं तर आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. फौंड्रीत चौतीस वर्षं काढली, तिथले निम्मे सोबती असेच आहेत. लोक हसले की मी पण हसतो, कशाला ते ठाऊक नसतं. लोक बहिरा म्हणतील त्यापेक्षा घुम्या म्हणू देत. म्हणून रानात जाऊन राहणार, म्हशींना उत्तर द्यावं लागत न्हाय. आणि शेवटी, तुमच्याशी लिहून बोलताना पहिल्यासारखं वाटतं, कुणीतरी विचारतंय आणि मला समजतंय.

आपल्या गल्लीत सगळेच बोंबलून बोलतात, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही गं. टीव्हीचा आवाज वाढवला की मी म्हणायची, आता वय झालं तरी पोरकटपणा गेला नाही. उत्तर दिलं नाही की म्हणायची, माज आलाय. एका ताटात जेवल्यासारखी आम्ही माणसं, आणि मला कळायला वेबसाइट लागली. सूरजच्या दुकानात कॉम्प्युटर आहे म्हणून त्याला विचारलं, तर म्हणाला, तुमच्या घरचे काका रोज दहाला इथं येतात, एका बोटानं टाइप करतात, आणि काकूंना सांगू नका म्हणतात. माझा जीव तुटला. मी तशीच घरी आले, ह्यांना चहा दिला आणि समोर बसून राहिले. सांगावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही. बिचारे नाव बदलून डॉक्टर लेकीपाशी मन मोकळं करायला गेले, आणि तिथंही बायकोच बसलेली निघाली म्हटल्यावर काय वाटेल त्यांना?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आकारामनं भेटीची वेळ मागितली आहे. सकाळी नको, सकाळी तिथं एक बाई बसते म्हणे, दुपारी चारनंतर. मी शनिवार, दोन फेब्रुवारी, चार वाजता दिली आहे. तू एकतीसला, गुरुवारी येतेस. दार उघडून आत कोण येतंय ते बघून हसू नकोस आणि रडू तर मुळीच नकोस. तुमच्या नियमांत आपल्या माणसाला पेशंट करता येत नसेल तर नुसता चहा पाज, पण त्यांच्या उजव्या बाजूला बस आणि तोंड समोर ठेवून बोल. कानाच्या मशीनला माझ्या सांगण्यावरून ते होकार देणार नाहीत, तुझं ऐकतील, डॉक्टर म्हणून तुझ्यावर त्यांचा फार विश्वास बसलाय. त्यांना गेलेली उत्तरं कुणाची होती ते सांगायचं का नाही, तू ठरव, मला झेपत नाही. फक्त त्यांच्या शेवटच्या पत्रात एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. बायको दीड वर्षात माझ्याशी काय काय बोलली असंल, ते आता कुणाला विचारू, असं त्यांनी लिहिलंय. त्यांना सांग, रविवारची ट्रंक तेवढी परत माळ्यावर टाका. बायको पहिल्यापासून सगळं परत सांगायला तयार आहे. शिव्या तेवढ्या गाळून.

तुझीच, आणि आता तुझ्याच पेशंटची,
आई