नाकाची दांडी

३ फेब्रुवारी

नाक आलं! सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या खोलीत पुतळ्यावर शेवटची कानस फिरवली आणि आलं — कपाळापासून शेंड्यापर्यंत एकच रेष, मध्ये खळगा नाही. ग्रीक लोक आपल्या देवींना द्यायचे ते नाक. अडीच हजार वर्षांत त्यात सुधारणा करायचं कुणाला सुचलेलं नाही. मी कोण लागून गेलो?

ही चहा घेऊन आली. कप हातातच. म्हणाली, "कोण आहे ही?"

"तू."

"माझं नाक असं नाहीये हो."

म्हटलं, तुझं चुकलं होतं, मी दुरुस्त केलं. गंमत केली होती. हसली नाही. चहा मात्र ठेवून गेली.

५ फेब्रुवारी

लोकांना वाटतं चष्मा डोळ्यांवर बसतो. तो नाकावर बसतो. उभा जन्म चष्मे विकण्यात गेला, नाकांबद्दल मला कुणी शिकवू नये. हिच्या नाकाला दांडी म्हणून नाहीच. पॅड बदलले, काड्या वाकवल्या, हलक्यातली हलकी फ्रेम दिली — घसरतो तो घसरतोच. शेंड्यावर येऊन थांबतो आणि ही वरून बघते. चष्मेवाल्याची बायको! निदान दगडात तरी माझी लाज राहील.

८ फेब्रुवारी

मेहुणा येऊन गेला. हिचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. पुतळ्याच्या तोंडाशी वाकून बराच वेळ बघत होता. मला वाटलं आता 'आ करा' म्हणतोय.

"भावोजी, जबडा अगदी ताईचा. वरचा मजला कुणाचा बांधलात?"

माणूस तोंडात बघून पोट भरतो, त्याची दृष्टी ती केवढी!

पण धास्ती आहे. कलामंडळाच्या प्रदर्शनाला महिना राहिला. गेल्या वर्षी माझा अर्धपुतळा परत आला, सोबत परीक्षकांची ओळ — 'प्रमाण निर्दोष, माणूस दिसत नाही.' पुतळा म्हणजे काय पासपोर्टचा फोटो? ते कॉलेजात शिकले, मी पुस्तकातली चित्रं पाहून, बोटं फोडून शिकलो. यंदाही परत आला तर छन्नीला हात लावणार नाही. हे इथे लिहितोय म्हणजे झालं. शिवाय हा डोकं-मानेपुरता दगड पाडलेल्या बँकेच्या जिन्यातला. असा पुन्हा मिळायचा नाही.

१२ फेब्रुवारी

ही बसायला आली. नाक झालं तरी केस बाकी आहेत. भाजी निवडत बसते. डावखुरी, त्यामुळे कोपर नेमकं माझ्या उजेडात येतं. "कोपर!" म्हटलं की आवरते, पुन्हा येते.

आज भाजी ठेवून माझं चित्रांचं पुस्तक चाळत होती. बिनहातांची देवी उलटली. मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली आई — तिथे थोडी थांबली. दगडी मांडीत दगडी बोटं रुतलेली, तेही उलटलं! मी एकेकाचं शतक सांगत होतो. थांबली कुठे? रोमन म्हाताऱ्यापाशी. टक्कल, पोतडीसारखे गाल, हनुवटीवर चामखीळ. रोमन लोक हे असले! संगमरवर मिळाला आणि चामखीळसुद्धा सोडली नाही.

"ह्याच्या बायकोनं ह्याला ओळखलं असेल," ही म्हणाली.

"ओळखणं म्हणजे कला नव्हे."

"नसेल. पण मी इतके महिने इथे बसतेय ती कुणासाठी? त्या ग्रीक बाईला बोलवायचं होतंत."

म्हटलं, तोंड हलवू नकोस, केस चुकतात.

१६ फेब्रुवारी

केस झाले. आता पॉलिश. ही बसायला येत नाही. चहाही दुकानातला नोकर आणून देतो. पातळ.

२० फेब्रुवारी

नाक गेलं!!

दुपारी घाऊक बाजारातून फ्रेमा घेऊन आलो तर मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी, फरशीवर चुरा. शेजारचा बोका! त्याचा त्या खिडकीवर कधीचा डोळा आहे. शेंडा शाबूत, दांडी तेवढी साफ गेली — पुतळा पडला तरी कसा म्हणावा! जवळ जाऊन बघवेना. वरून चादर टाकली.

ही केरसुणी घेऊन आली. चुरा भरता भरता म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं."

वेळ काय, ही बोलते काय!

२१ फेब्रुवारी

जगातल्या निम्म्या थोर मूर्तींना नाक नाही. मीच लोकांना ऐकवत असतो. आज मला कुणी ऐकवू नये.

२३ फेब्रुवारी

मेहुणा दातांचं सिमेंट घेऊन आला. "कॅप बसवू, भावोजी. तुमच्या ग्रीकांनाही कळणार नाही." चादर उचलली. नाकाशी वाकून बघितलं. मग डबी खिशात परत. "मी नाही हात लावणार. ही आता ताई आहे."

म्हटलं, दोघं बहीणभाऊ मिळून काय ते करा. पाठवा, नाहीतर फोडून कुंडीत घाला.

संध्याकाळी त्याच्या गाडीतून पुतळा कलामंडळात गेला. ही मांडीवर घेऊन बसली होती. मी एका गिऱ्हाइकाचा नंबर तपासत होतो. उठलो नाही.

४ मार्च

घेतला! पत्र आलं. आणि विशेष उल्लेख — 'नाकाच्या धाडसी हाताळणीबद्दल.'

धाडसी! सत्काराला बोक्याला बोलवा. हार त्याच्या गळ्यात घाला, माझ्यासाठी नारळ पुरे.

ही म्हणाली, "अभिनंदन हो." चहा दाट होता.

९ मार्च

उद्घाटन. शिरताच आपल्या दुकानातल्या एक म्हाताऱ्या गिऱ्हाईक बाई — माझ्याच हातून मोतीबिंदूनंतरचा चष्मा नेलेल्या — पार दारातून ओरडल्या, "अगं बाई, काकू!" हिच्याकडे बघून नव्हे. पुतळ्याकडे.

तिथे लोक जमलेले. परीक्षक मला म्हणाले, "इथे थांबायचं कसं सुचलं तुम्हाला?" मी गंभीर चेहरा केला. जमतो मला.

तेवढ्यात हिला लहर आली. स्वतःचा चष्मा काढला आणि पुतळ्याला घातला. घसरला. घसरत घसरत शेंड्यावर येऊन थांबला — तिथेच! एका केसाचा फरक नाही. सगळे हसले. ती दगडी बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होती. गेली कित्येक वर्षं बघते तशी.

हात सवयीनं काडी नीट करायला गेला. दिवा बाजूनं होता. पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं.

"काय बघताय एवढं?" ही.

"काही नाही. चष्मा घसरतोय."

"घसरू द्या."

१० मार्च

तीन घाव. अर्ध्या इंचाच्या छन्नीचे, एकाखाली एक, वरून बारीक पॉलिशपेपर. तिन्ही डावीकडून. माझा घाव उजवीकडून पडतो. बोक्याचं मला ठाऊक नाही.

छन्नीला धार लावून ठेवली, मूठ डावीकडे. कपाळ मी जरा उंचच काढलंय.