हजार न्यूटन मीटर

३ जून, सकाळ
ठरलं. गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलणार. काल ब्रेक किंचाळायला लागले म्हणून मेहुण्याला घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिक म्हणाला, तासाभराचं काम आहे, ठेवून जा. म्हटलं, काय करायचं ते सांग, घरीच करतो. तर म्हणतो कसा, साहेब, तुम्ही आपलं पेट्रोल भरत जा. मेहुणा फिदीफिदी हसला. दोघांनाही दाखवतो.

अठ्ठावीसला लेकीला हॉस्टेलवर सोडायचंय. चार तासांचा रस्ता, ती आणि मी. तिने चित्रकलेला प्रवेश घेतला तेव्हा मी नको ते बोललो. तेव्हापासून कामापुरतंच बोलते. गाडीत विषय काढीन. समोर रस्त्याकडे बघत बोलायचं असतं, त्यामुळे बरं पडतं.

५ जून
चाकाचे नट पान्याने खोलत बसणं हे मागासलेपण आहे. कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच घेणार. बॅटरीवरची गन, ट्रिगर दाबला की नट सुटला. ऑफिसात सात व्हिडिओ पाहिले. साहेबांनी विचारलं, हा घरघर आवाज कसला. ज्ञानाची कदरच नाही.

९ जून
एक्सेलमध्ये तक्ता केला. अकरा मॉडेल, चौदा रकाने. जोर, व्होल्ट, वजन, मोटर ब्रशलेस की साधी. चाकाच्या नटाला शंभर-सव्वाशे न्यूटन मीटर जोर पुरतो म्हणे. पण मेहुण्याची गन चारशेची आहे. म्हणजे मला हजारची लागणार, उघड आहे.

लेक आली होती. सुटकेसचं चाक हलतंय, स्क्रू आवळून द्या म्हणाली. म्हटलं, मशीन येऊ दे, सगळं एकदम करू.

१४ जून
ऑर्डर दिली. बायकोने विचारलं, ब्रेक पॅड आणले का. हिला मुद्दा कळतच नाही.

१९ जून, संध्याकाळ
आली! काय वजन, काय पकड! ट्रिगर दाबला. काही नाही. बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यायचे असतात. चौदा रकान्यांत हा रकाना राहिला. सरळ सरळ लबाडी आहे. बायकोने खोक्यावरचं ‘फक्त मशीन’ मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा.

बॅटरी आणि चार्जर मागवले. ब्रेक पॅडही आणले, म्हणजे कटकट मिटली.

२४ जून
बॅटरीचा पत्ता नाही. मी कुरिअरवाल्याशी फोनवर भांडत होतो, तेवढ्यात लेक परत आली, सुटकेसचंच असणार. म्हटलं, बॅटरी वाटेत आहे. तरी दारात उभीच. मग गेली. या पिढीला जरा म्हणून धीर नाही.

२७ जून, शनिवार, दुपार
बॅटरी आली. गाडी जॅकवर. पाच नट, पाच सेकंद! रस्त्याने जाणारे दोघे थांबून बघायला लागले. पॅडही बसले. मेहुण्याला फोटो पाठवला.

संध्याकाळ, ५.४०
चाक लावताना नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्यायचे असतात म्हणे. मी थेट गनने लावले. पहिला वाकडा चढला, त्याचे आटे गेले. दुसरा स्टडसकट, म्हणजे ज्या बोल्टवर तो बसतो त्यासकट, तुटून हातात आला. तिसराही. हजार न्यूटन मीटर म्हणजे चेष्टा नाही. हल्ली लोखंडच चांगलं मिळत नाही.

६.३०
बायकोने परस्पर मेकॅनिकला बोलावलं. उकिडवा बसून त्याने चाक पाहिलं. तीन स्टड गेले, सोमवारशिवाय मिळणार नाहीत, तोवर गाडी हलवू नका म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

२८ जून, रविवार, सकाळ ८
सहाला मेहुणा गाडी घेऊन आला. भावजी, चला की तुम्हीही, पुढची सीट रिकामी आहे, म्हणाला. त्याच्या गाडीत, त्याच्या शेजारी बसून मी जाऊ? म्हटलं, आमची गाडी जॅकवर आहे, सोडून कसा येऊ. लेकीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या सीटवर स्वतःची बॅग ठेवली.

त्याआधी सुटकेस फाटकापर्यंत ओढत नेली तिने. चाक जराही हलत नव्हतं. विचारलं, कुणी आवळलं. म्हणाली, मीच, सुरीच्या टोकाने, तुम्ही मशीन येऊ दे म्हणालात ना, त्याच दिवशी.

येते म्हणाली आणि गेली.

चहा ठेवला. सुरी सापडली, टोक वाकलंय. मग एकदम डोक्यात आलं. चाक नऊ तारखेलाच नीट झालं होतं, तर चोवीसला ती कशाला आली होती? वही उघडून चोवीसचं पान पाहिलं. बॅटरी वाटेत आहे, असं म्हटलं होतं मी.