साऱ्या गिऱ्हाइकांचा भाचा

॥ श्री ॥
केदारखेडा
ता. ४ एप्रिल १९७७

चि. भुजंगास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली तू कळवीत न्हाईस म्हणून मलाच लिव्हावं लागलं. दुसरी शिकलेली बाई मी, अक्षर लागलं न्हाई तर अंदाजानं वाच.

पयली गोड बातमी. तुझ्या बहिणीचं, बेबीचं लग्न जमलं! वैशाखात बार. पोरगा मास्तर हाय. दात जरा पुढं हायेत, पण हसला की बरा दिसतो. मी तर पाहुण्यांपुढं नाचायचीच राह्यले. तुझी आई म्हणली, आई, वयाला शोभंल अशी बैस. म्हणलं नंदा, नातीच्या लग्नात न्हाई नाचू तर कव्हा?

आता कडू. तुझा मामा रुसला. मागल्या बाजारी बद्रीनाथ बीडला बैल पाह्यला चालल्ता. एसटी शहागडला चहाला थांबली. भाचा कामाला हाय ते हॉटेल म्हणून हा हौसेनं उतरला, हातात मी दिलेल्या कुरड्यांची पिशवी. अन् तू म्हणे समोर आलास, दात काढले, टेबलावर फडकं मारलं अन् म्हणलास, या मामा, बसा मामा, काय देऊ? यानं इचारलं, बरा हायेस का रे? तर म्हणलास, तुमची किरपा मामा, भजे गरम हायेत. अन् गेलास दुसऱ्या टेबलाकडं. चहा बी दुसऱ्यानंच आणला. बद्रीनाथ कुरड्या तशाच माघारी घेऊन आला. तव्हापून म्हणतो, भाच्यानं मला गिऱ्हाईक केलं, मंग बेबीच्या पाठीशी उभं राह्यला एखादं गिऱ्हाईकच बघा.

आता तूच सांग, माझ्या पोटचा लेक, अन् मांडवात नवरीच्या पाठीशी मामा न्हाई? लोक शेण घालतील तोंडात. तुझं मला बिलकुल कळत न्हाई. आपल्या गावचा तातेराव येता-जाता तुझ्या हॉटेलात चहा पितो, तो सांगतो, तुमचा भुजंग लई गोड बोलतो. मी खुशीत गावभर सांगून आले. अन् संक्रांतीला घरी आल्ता तव्हा हूं अन् न्हाई याच्या पल्याड शब्द न्हाई. ट्रकवाल्याला साखर अन् आजीला हूं? जल्दी ये, मामाच्या पाया पड, चुकलं म्हण. तेवढ्यानं भागंल.

शेळी व्याली, दोन्ही पिल्लं पाठीच हायेत, बोकड एक बी न्हाई. मया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी
गिरिजाबाई


शहागड
ता. ११ एप्रिल १९७७

तीर्थस्वरूप आजीस भुजंगचा शि. सा. नमस्कार. वि. वि. बेबीचं लग्न जमलं वाचून बरं वाटलं. पुढचं वाचून डोकं धरून बसलो.

आजी, मी मामाला पाह्यलंच न्हाई. तो समोर होता, मी बोललो बी, तरी पाह्यलं न्हाई. हे तुला कसं समजावू? आमच्या शेठनं, अण्णासाहेबानं, कायदाच केलाय. म्हाताऱ्याला काका, बाईला मावशी, ट्रकवाल्याला दादा अन् टोपीवाल्याला मामा म्हणायचं. वरून तोंड हसतं पाहिजे. तो गल्ल्यावरून बघत असतो. हसू उतरलं की साऱ्यांदेखत बोट दाखवतो. एसटी आली की मी चेहरे बघत न्हाई, टोप्या बघतो. टोपी दिसली अन् तोंडातून मामा गेलं. तो खराच मामा निघाला हा माझ्या नशिबाचा खेळ.

परवा एकानं चहा थंड हाय म्हणून माझ्या सदऱ्यावर ओतला. थंड नव्हता. मी म्हणलो, चुकलं दादा, दुसरा आणतो. हसून म्हणलो. मंग मोरीत जाऊन एक बशी फोडली अन् पुन्हा हसत बाहेर आलो.

तू म्हणतीस, मामाला चुकलं म्हण. अगं, दिवसभर दुसरं काय म्हणतो? माझं नसलेलं चुकलं म्हणून म्हणून तो शब्द टेबलावरच्या फडक्यावाणी झालाय. आता खरंच चुकलं, तर तेच फडकं मामापुढं पसरू? त्याला ते बी हॉटेलातलंच वाटंल, अन् खरं सांगू, मला बी वाटंल. संक्रांतीला गप होतो ते यामुळंच. तुझ्यापाशी तरी तोंड पाडून बसता येतं. तेवढी एक जागा राहू दे.

माफीला मी येणार न्हाई. मामाला रुसायचं तर रुसू दे. तू रागावू नको, एवढंच मागणं.

तुझा
भुजंग


॥ श्री ॥
केदारखेडा
ता. २५ एप्रिल १९७७

चि. भुजंगास अनेक आशीर्वाद. वि. वि. कालच भेट झाली तरी लिव्हून राह्यले, कारण तिथं तू मला बोलूच दिलं न्हाई, नुसतं जा जा करीत व्हतास.

तुझं पत्र बद्रीनाथला दावलं न्हाई. मलाच दोनदा वाचून अर्धं कळलं. त्याला म्हणलं, तव्हा बैल पाह्यला गेल्तास, आता भाचा पाह्यला चल. एसटीत गावातली चतुराबाई भेटली, अंबड येईपर्यंत सुनेच्या चुगल्या. असो.

मी पदर पुढं ओढून कोपऱ्यात बसले. तू एका ट्रकवाल्यापुढं उभा. रस्सा पातळ म्हणून तो तुला आईवरून बोलला. म्हणजे माझ्या नंदावरून! अन् तू हसून म्हणलास, बराबर हाय दादा, दुसरा आणतो. माझं अंग पेटलं. बद्रीनाथनं टेबलाची कड घट्ट धरल्ती. त्याची बी बहीणच की ती.

तेवढ्यात तू आमच्याकडं वळलास, तसाच दात काढीत. या मामा, बसा मामा म्हणलास, अन् मंग मी पदर मागं सारला. भुजंगा, काय सांगू! दिवा विझावा तसं ते हसू गेलं. कपाळाला आठ्या, ओठ खाली. हुबेहूब तुझा आजा, स्वतःच्या लग्नात बी हसला नव्हता. म्हणलास, तू कशाला आलीस इथं?

तू आत वळताच बद्रीनाथ म्हणला, आई, हा आपला भुजंग. जगाला दात अन् आपल्याला आठ्या. मंग बाकावर कुरड्यांची पिशवी ठेवली ती त्यानंच. बेबीच्या पाठीशी मीच उभा राह्यणार, दुसऱ्यानं यायचं न्हाई, असं वाटंत तीनदा बजावलं.

ट्रकवाल्याला मी चार शब्द ऐकवले, त्यावरून अण्णासाहेबानं मला बोट दाखवलं. मी बी चहा प्याले, मी बी गिऱ्हाईकच. माझ्याशी हसून बोलायला त्याला काय झालं व्हतं?

लग्नाला चार रोज आधी ये. वाढायला तू न्हाई, पाणी द्यायला तू न्हाई, या बसा म्हणायला माझं तोंड हाय. तू मांडवाच्या खांबाला टेकून खुशाल तोंड फुगवून बैस. कुणी इचारलं तर मी सांगीन, पोरगा सुट्टीवर आलाय.

मया हाय तशी ठेव, आठ्या बी हायेत तशाच आण.

तुझी आजी
गिरिजाबाई